परत आले; पण शाबूत आले काय?

पुसले गेलेले चित्रण परत मिळाले, की आपली मंडळी जुने कार्ड कोरे करावयास धावतात! ही घाई आत्मघातकी आहे, असे आम्ही स्पष्ट बजावतो. फाईलचे नाव आणि आकार म्हणजे शाबुतीचा पुरावा नव्हे. विखुरलेले तुकडे जोडताना परका तुकडा मध्येच घुसू शकतो. एमपी४ची ‘मूव’ नामक अनुक्रमणिका हरपली, तर चित्रण असूनही उघडत नाही. आरंभीची दोन मिनिटे पाहून समाधान मानणे ही शुद्ध आत्मवंचना होय. एफएफएमपेगकडून प्रत्येक फाईल अथपासून इतिपर्यंत उलगडून घ्या, चुकांची यादी वाचा, मध्य व शेवट डोळ्यांनी पाहा. दिवंगत आजीचा आवाज दुसऱ्यांदा मुद्रित होत नाही. तोवर मूळ कार्डावर एक अक्षरही लिहू नका!