नळामागचा माणूस

कोविडच्या पहिल्या लाटेत २० सेकंद हात धुण्याचा सल्ला जगभर दिला गेला. त्यासाठी नळाला पाणी हवे आणि पाणी यायला कोणीतरी कामावर हवे, हे फारसे कोणी बोलले नाही. पुढे खाटा, प्राणवायू, व्हेंटिलेटर यांचा हिशेब मांडला गेला. पाणी येत राहिले, म्हणून पाणीपुरवठा खात्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

पाण्यातून कोविड पसरण्याची भीती तशी किरकोळच होती. या विषाणूभोवतीचे मेदाचे आवरण क्लोरिनपुढे टिकत नाही. नेहमीचे निर्जंतुकीकरण नीट होत असेल तर ते पुरते. खरा धोका मनुष्यबळाचा होता. शुद्धीकरण केंद्र चालवू शकणारे प्रशिक्षित लोक मोजकेच असतात आणि तेही पाळ्यांमध्ये विभागलेले. एका पाळीतले दोघे आजारी पडले आणि बाकीचे विलगीकरणात गेले, तर त्यांच्या जागी बसवायला माणूस रातोरात कुठून आणणार? कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडच्या समुद्रजल प्रकल्पाने मार्च २०२० मध्ये त्यावर सरळ उपाय काढला. तिथले १० कर्मचारी सुमारे तीन आठवडे प्रकल्पातच मुक्कामाला राहिले.

मुंबईला हा उपाय निम्माच लागू पडतो. शहराला सात तलावांतून दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. वैतरणेचे पाणी उतारानेच भांडुपच्या केंद्रापर्यंत येते, भातसाचे मात्र पिसे येथे उपसावे लागते. भांडुप, पिसे, पांजरापूर अशा ठिकाणी गरज पडल्यास माणसे मुक्कामी ठेवता येतील. पुढचे काय? मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी ठरलेल्या वेळीच येते. म्हणजे रोज रस्त्यावरची झडप कोणीतरी उघडायची आणि वेळ झाली की बंद करायची. हे काम चावीवाल्याचे. किती फेरे फिरवले की टेकडीवरच्या वस्तीपर्यंत पाणी चढते, हे कागदापेक्षा त्याच्या हातालाच जास्त ठाऊक असते. त्याला घरून काम करता येत नाही. २०२० मध्ये मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत लोकल बंद होती, तेव्हा अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची मदार बेस्ट आणि एसटीच्या बसगाड्यांवर होती.

चोवीस तास पाणी हा एरवी चैनीचा किंवा बिलाचा विषय म्हणून चर्चेत येतो. साथीच्या दृष्टीने पाहिले तर तो वेगळाच दिसतो. जलवाहिनीत सतत दाब असेल, तर झडपा रोज फिरवाव्या लागत नाहीत आणि चार माणसे आजारी पडली म्हणून वस्ती कोरडी राहत नाही. शिवाय रिकाम्या वाहिनीत आजूबाजूचे सांडपाणी शिरण्याचा धोकाही घटतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवले. मुंबईच्या पसाऱ्यात ते लवकर होईल, अशी आशा बाळगणे मात्र भाबडेपणाचे ठरेल.

तोवर करण्याजोगी कामे साधी आहेत आणि म्हणूनच बहुधा मागे पडतात. प्रत्येक झडपेची जागा, वेळ आणि फेरे लिहून ठेवणे, एका विभागाचे काम शेजारच्या विभागातल्या दोघांना तरी शिकवणे, क्लोरिनचा काही आठवड्यांचा साठा बाळगणे आणि रिक्त पदे भरणे. अनुभवी चावीवाले निवृत्त होतातच. त्यांच्या वह्या भरून घेण्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहावी लागत नाही.