पायडल नसलेली सायकल घ्यावी का?

“डॉक्टर, मूल दोन वर्षांचे झाले, पायडल नसलेली सायकल घेऊ का?” असे पालक विचारतात. माझे मत: कल्पना चांगली आहे, पण विकतच घ्यावी असे नाही.

अमेरिकेत रायन मॅकफार्लंड यांनी स्वतःच्या लहान मुलासाठी अशी सायकल बनवली आणि २००७ मध्ये स्ट्रायडर कंपनी सुरू केली. मूल सीटवर बसून पायांनी जमीन ढकलते. तोल गेला की पाय टेकवते आणि हळूहळू सावरायला शिकते. बाजूला आधाराची चाके लावली तर पायडल मारणे जमते, तोल मात्र शिकायचा राहतो.

घरात लहान सायकल असेल तर तिची पायडल काढा. डावे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. चेनवर झाकण हवे. सीट इतकी खाली घ्या की मुलाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. टेकत नसतील तर थोडे थांबा.

हेल्मेट मापाचे हवे, पायात बूट हवेत आणि सोबत मोठे माणूस हवेच. अशा बहुतेक सायकलींना ब्रेक नसतो. म्हणून विष्णुपुरीत मोकळे, सपाट अंगण निवडा. उतार, रहदारी आणि गोदावरीचा काठ टाळा.

डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी किंवा झटके आले, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.