संगणकाला प्रश्न कोणी घालायचा?

गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावी पानठेल्यावर घोटल्या जाणाऱ्या खर्र्याची किंमत पुढे कधी तरी नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात मोजावी लागते. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूचे हे व्यसन सुटले नाही. व्यसनमुक्तीला पर्याय नाही हे खरेच. परंतु ज्याला रोग जडला आहे, त्याच्यासाठी औषधशोध काय करणार, हाही प्रश्न उरतोच.

या शोधाला अलीकडे संगणकाने नवी दिशा दिली आहे. पेशीतील प्रथिने परस्परांच्या खाचांत बसून आपले कार्य करतात. रोगाला पोसणारी जोडी मोडावयाची, तर त्या खाचेत अमिनो आम्लांची लहानशी साखळी, म्हणजे पेप्टाइड, बसवावी लागते. कोणती साखळी नेमकी बसेल, याचे गणित संगणक मांडतो. प्रथिनांच्या अशा संगणकीय रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

यातील गाजलेले उदाहरण 'पी-५३' या प्रथिनाचे. पेशीच्या या पहारेकऱ्याला 'एमडीएम-२' हे दुसरे प्रथिन जखडून ठेवते. ही मिठी कशी पडते, ते १९९६ साली उलगडले आणि ती सोडविणारी पेप्टाइडे रचली गेली. परंतु पहारेकरी धडधाकट असेल, तरच त्याला मोकळे करण्यात अर्थ! नवी मुंबईच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेचा सहभाग असलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय रुग्णांच्या हिरड्या व गाल यांच्या कर्करोगात 'पी-५३'चे जनुकच वारंवार बिघडलेले आढळले. म्हणजे परक्या रोग्यासाठी शोधलेले उत्तर आपल्या रोग्याला लागू पडेलच, असे नाही.

तेव्हा प्रश्न आपणच घातला पाहिजे. साधनांचा अगदीच दुष्काळ आहे, असे म्हणता येणार नाही. पुण्यात 'परम' महासंगणक १९९१ सालीच उभा राहिला. प्रथिनांच्या रचनांचे जागतिक भांडार तर गोंदियाच्या विद्यार्थ्यालाही विनामूल्य खुले आहे. उणीव आहे ती सांध्याची. संगणकाचे उत्तर हे केवळ अनुमान असते. पेप्टाइड रक्तातील विकरांपुढे टिकते की नाही, पेशीत शिरते की नाही, हे प्रयोगशाळेतच ठरते. म्हणून २०१६ साली सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विदर्भातील विद्यापीठे आणि मुंबई-पुण्याच्या संशोधनसंस्था यांना शासनाने एका कार्यक्रमात गुंफावे. रुग्णाच्या संमतीने घेतलेले नमुने, संगणक आणि प्रयोगशाळा एकत्र आल्याखेरीज कामठ्याच्या रोग्याचा प्रश्न कोणताही संगणक आपण होऊन सोडविणार नाही.