तिकीट काढणाऱ्याचे मत

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा यांसारख्या गावांत खेळ सुटल्यावर बाहेर पडणारा प्रेक्षक आपला निकाल फार तर दोन शब्दांत देतो. ‘पैसे वसूल’, नाहीतर ‘डोक्याला ताप’. विद्वज्जनांस हे शेरे उथळ वाटतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ते तसे नाहीत. चित्रपट हा असा माल आहे की, पाहिल्यावाचून त्याची पारख होत नाही आणि पाहून झाल्यावर पैसे परत मिळत नाहीत. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर मुठीत कापूस धरून त्याची प्रत ठरवितो. पडद्यावरील मालाला असा ग्रेडर नाही. ते काम आधी पाहून आलेला शौकीन चहाच्या टपरीवर विनामूल्य करीत असतो.

त्याच्या शब्दाचे मोल किती, हे १९७५ साली दिसले. १५ ऑगस्टला प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे समीक्षकांनी थंडे स्वागत केले आणि धंद्यातील जाणत्यांनीही तो पडल्याचे सांगण्याची घाई केली. तिकीट काढणाऱ्यांनी ते ऐकले नाही. पाहणारा न पाहिलेल्यास सांगत गेला आणि मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त तो पाच वर्षे चालला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ या अल्प खर्चाच्या चित्रपटाने असेच सर्वांना चकित केले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना नाके मुरडणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. रौप्यमहोत्सव मात्र प्रेक्षकांनीच घडविले. सर्व शेरे शहाणपणाचे असतात, असा याचा अर्थ नव्हे. नायक कोण एवढ्यावरच मत बनवून खेळाला जाणारेही पुष्कळ.

परंतु यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न करमणुकीपाशी संपत नाही. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ साली आला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तेच करील या धास्तीने त्याच्यावर पाळत ठेवणारी बायको, त्याच्या मागे मागे पाठविलेला लहानगा मुलगा आणि वेळेवर न येणारा पाऊस, असे त्याचे कथानक. गिरीश कुलकर्णी व सोनाली कुलकर्णी यांनी ती माणसे उभी केली. बोली वऱ्हाडी, वेदना कापसाच्या पट्ट्यातली. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो दाखविला गेला. इकडचा शौकीन मात्र सहज म्हणून जातो, ‘घरचेच दुःख तिकीट काढून कशाला पाहायचे?’

या उद्गाराला असंवेदनशील म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. चुकाऱ्याच्या पैशांतून बियाणे, उधारी आणि मुलांची फी भागवून उरलेल्या चार पैशांतून तीन तासांचा विसर विकत घेणारा माणूस आपला हिशेब चोख जाणतो. २०१० साली ‘पीपली लाइव्ह’ला विदर्भ जनआंदोलन समितीने आक्षेप घेतला, तेव्हा तक्रार दुःख दाखविल्याची नव्हती, दुःखाची थट्टा झाल्याची होती. तो चित्रपट प्रसारमाध्यमांची थट्टा करतो, हे खरे. पण ज्यांच्या घरात मृत्यू झाला, त्यांनी ही बारीक रेषा ओळखावी अशी अपेक्षा किती जणांनी करावी?

दुःख चालत नाही, हे विधानही तपासून घ्यावयास हवे. ‘सैराट’चा शेवट सुखाचा नाही, तरी २०१६ साली त्याने मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे तोवरचे विक्रम मोडले. त्यामागे अजय-अतुल यांचे संगीत होते, जाहिरात होती आणि मुख्य म्हणजे पडदे होते. ज्या चित्रपटाला तालुक्याच्या गावी पडदाच लाभत नाही, मोठ्या शहरात लाभला तर गैरसोयीच्या वेळी लाभतो, त्याच्याविषयी शौकिनाचे मत बनणार कशावरून? मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, असे वितरक सांगतो. माल दुकानात आलाच नाही, तर मागणी मोजली कोणी?

तेव्हा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आणि नगर वाचनालयांनी, रीतसर परवानगी घेऊन, ‘गाभ्रीचा पाऊस’ अल्प तिकिटात दाखवावा. तिकीट असावेच, फुकट पाहणाऱ्याचे मत भिडेचे असते. कापसाचा हंगाम आटोपल्यावरचा रविवार त्यासाठी बरा. खेळ सुटल्यावर दारात उभे राहून लोकांचे शेरे ऐकावेत, आणि ‘फार संथ आहे बुवा’ असे कोणी म्हणाले, तर तेही वहीत टिपून घ्यावे.