दूरच्या प्रवासासाठी सायकलचा सांगाडा

१९२३ साली मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पूर्ण केली. आपल्या घरची मुले इतक्या दूर जाणार नसतील; परंतु पुण्याहून कोकणात उतरायचे म्हटले, तरी मागे सामानाचे ओझे आणि पुढे घाटाचा उतार असतोच. तो सारा भार सांगाडा, म्हणजे फ्रेम, सोसते. टायर, सीट, गिअर मागाहून बदलता येतात. म्हणून ठरलेल्या रकमेतील मोठा वाटा सांगाड्यासाठी राखून ठेवणे इष्ट.

प्रथम धातू पाहावा. ॲल्युमिनियम हलके असते व तांबेरत नाही; पण त्याला तडा गेल्यास वाटेत दुरुस्ती होणे कठीण. कार्बनचा सांगाडा महाग, शिवाय कॅरियर बांधण्यास बहुधा गैरसोयीचा. सामानासह प्रवास करणाऱ्याला क्रोमोली, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, सर्वांत सोयीचे. ते साध्या पोलादाहून बळकट असल्याने नळ्या पातळ ठेवता येतात. तेही परवडत नसेल, तर साधे पोलाद घेण्यात कमीपणा नाही. वजन थोडे वाढेल, एवढेच. आणि मोडलेच, तर तालुक्याच्या गावीही ते वेल्डिंग करून मिळेल.

नंतर माप. आडव्या दांड्यावर पाय टाकून जमिनीवर उभे राहावे; शरीर व दांडा यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे. पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत सुमारे ४४ ते ४६ सेंटिमीटर असावेत, म्हणजे टाचा पिशव्यांवर आपटत नाहीत. कॅरियर व मडगार्डसाठी स्क्रूची भोके आहेत ना, हेही पाहावे.

जुना सांगाडा स्वस्त मिळतो. मात्र पारखून घ्यावा. हँडलच्या नळीमागे रंगाला सुरकुत्या वा चिरा दिसल्या, तर पूर्वी धडक बसली असे समजावे. मग मागील चाक काढून, धुऱ्याच्या एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणावा. सीटच्या नळीपासून दोऱ्याचे अंतर दोन्ही बाजूंना सारखे भरले पाहिजे. फरक ठळक असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो सांगाडा घेऊ नये. तेथे वाचवलेले पैसे घाटाच्या उतारावर जिवाशी येतात.