डार्विनला रजा, बोंडअळीला मोकळे रान

मराठी तुकडी बंद होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी आम्ही निवेदने देतो, सह्या गोळा करतो, आणि ते योग्यच आहे. पण बडोद्यातील आपली पुष्कळ मुले ज्या केंद्रीय मंडळाच्या शाळांत जातात, तेथील दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढून टाकली गेली, तेव्हा आपल्या समाजातून एक चकार शब्द निघाला नाही. हे मौन आम्हाला खटकते.

कोविडमुळे अभ्यासाचा भार कमी करायचा, हे कारण देऊन 2022-23 मध्ये एनसीईआरटीने हा भाग गाळला. 2023 च्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. कोविड ओसरला, धडा मात्र परतला नाही! 1800 हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी एप्रिल 2023 मध्ये जाहीर पत्र लिहून निषेध केला. त्यावर सरकारचे उत्तर असे की, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा धडा आहेच, मग गहजब कशाला?

उत्तर ऐकायला गोड आहे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. दहावीनंतर जमा-नावे आणि ताळेबंद यांतच आयुष्य गेले, जीवशास्त्राचे पुस्तक पुन्हा हाती आले नाही. कला शाखेला जाणाऱ्याचे तेच, गणित घेऊन इंजिनियर होणाऱ्याचेही तेच. या सर्वांसाठी दहावी हेच जीवशास्त्राचे शेवटचे स्टेशन. पुढे हीच मुले पीककर्जाच्या अर्जावर सही करतील, नगरसेवक होतील, शेती करतील. त्यांना उत्क्रांतीची गरज नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी जरा अमरेलीकडे पाहावे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग 1893 मध्ये अमरेली भागात केला आणि 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. हे आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. त्याच अमरेलीत सव्वाशे वर्षांच्या आत दुसरे काय घडले ते मात्र कोणी सांगत नाही.

बीटी कापसाला आपल्या देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. या झाडातच बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. पण लाखो अळ्यांत एखादी अशी असते, की जन्मतःच तिच्यात काही फरक असतो आणि ते विष तिला बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिच्यासारख्याच उरलेल्यांचे पतंग आपसांत जुळले, आणि पुढच्या पिढीत विष पचवणाऱ्या अळ्या वाढल्या. हे होऊ नये म्हणून शेताभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाला, तर विष पचवणाऱ्यांचा वंश इतक्या वेगाने फोफावत नाही. पुष्कळांनी त्या ओळी लावल्याच नाहीत. जागा वाया जाते म्हणाले. 2010 मध्ये बियाणे कंपनीनेच जाहीर केले, की अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट येथील गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. पुढे दोन जनुकांच्या वाणालाही ती पुरून उरली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस तिने पोखरला. नियमाच्या त्या ओळी कशासाठी, हे शेतकऱ्याला कोणत्या धड्याच्या आधारे समजावणार? गाळलेल्याच ना!

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त चुकीचा. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला लेखी विरोध केला. मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक, असे म्हणते. सख्ख्या-चुलत भावांचे आजोबा एक असतात, म्हणून कोणी चुलतभावाला आजोबा म्हणत नाही.

आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, दशावतारात हे सारे आलेलेच आहे. देवघर आमच्याही घरी आहे, त्यावर वाद नाही. पण मत्स्य, कूर्म, वराह ही एकापुढे एक अशी पायऱ्यांची ओळ झाली. उत्क्रांतीला फांद्या फुटतात आणि त्या कोठेही वळतात. आपल्याच राज्यातल्या कच्छात चार कोटी वर्षांहून जुन्या, पाय असलेल्या देवमाशांचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे जमिनीवरचे जनावर उलट पाण्यात गेले! तेथे त्याचा आकार माशासारखा झाला, पण श्वास फुप्फुसानेच आणि पिलाला दूध. पायऱ्यांच्या ओळीत हे कोठे बसवणार? गाळलेल्या भागात नेमके हेच होते: अवयव सारखे दिसले म्हणजे नाते असतेच असे नाही, आणि वेगळे दिसले म्हणजे नाते नाही असेही नाही. एका रानकोबीपासून कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल कसे निघाले, हेही त्यातच होते. एवढ्याचा मुलांना भार होतो, हे आम्हाला तरी पटत नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, तोही मराठीत. तेव्हा कार्यकारिणीपुढे आमची मागणी अशी: त्या पुस्तकाच्या वीस प्रती वाचनालयात घ्याव्यात, दहावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षकांकडून चार रविवार वर्ग घ्यावेत, आणि धडा परत घ्यावा असे निवेदन सभासदांच्या सह्यांनिशी एनसीईआरटीला पाठवावे. यंदाच्या सहलीची बस दर वर्षीप्रमाणे देवदर्शनाला नेण्याऐवजी बालासिनोरजवळ रैयोलीला न्यावी. तेथे डायनासोरची अंडी आहेत आणि संग्रहालयही. परतताना डाकोर वाटेवर पडते, म्हणजे कोणाची तक्रार राहणार नाही.