पिरॅमिड दगडाचे, मग घरं मातीची का? इजिप्तच्या राजालाही ‘कच्चं घर’ कसं चालायचं?

गिझाचे पिरॅमिड उभे राहून साडेचार हजार वर्षं झाली. पण ज्या देशानं ते बांधले, तिथले लोक स्वतः कशात राहायचे? उत्तर एका शब्दाचं आहे: मातीत. शेतकरी, कारकून, सरदार आणि खुद्द राजासुद्धा. आजच्या लक्झरजवळचा राजा तिसरा आमेनहोटेप याचा मलकाता राजवाडाही कच्च्या विटांचाच होता. दगड देवांसाठी आणि मृतांसाठी, माती जिवंत माणसांसाठी, असा हिशेब होता. आपण मात्र त्यांचं इंजिनिअरिंग फक्त दगडावरून मोजतो. माझ्या मते, खरी हुशारी या घरांत होती.

वीट कशी बनायची?

नाईलला दरवर्षी पूर यायचा आणि काठावर काळा गाळ सोडून जायचा. त्यात पाणी, वाळू आणि भुसा मिसळून चिखल मळायचा, लाकडी साच्यात भरायचा, साचा उचलायचा आणि वीट उन्हात वाळवायची. भट्टी नाही, सरपण नाही. झाडं कमी असलेल्या देशात ही मोठी बचत होती.

भुसा कशाला? नुसता गाळ वाळताना आकसतो आणि तडकतो. भुशाचे धागे त्याला धरून ठेवतात. आज काँक्रीटमध्ये फायबर टाकतात, त्यामागेही हाच विचार आहे. वजीर रेखमिरे याच्या थडग्यात ही सगळी कृती टप्प्याटप्प्यानं रंगवलेली आहे. ते चित्र सुमारे ३,४५० वर्षांपूर्वीचं आहे.

घर आतून कसं असायचं?

देर अल-मदीना हे ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’मधली राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. गावकुसाच्या आत सुमारे ६८ घरं, एकमेकांना खेटून. प्रत्येक घर अरुंद आणि लांब, साधारण चार खोल्या एकामागे एक. दुसरी खोली मुख्य. तिचं छत इतर खोल्यांपेक्षा उंच, आणि त्या उंचीच्या फरकात छताजवळ झरोके. त्यातून उजेड आत यायचा, गरम हवा बाहेर जायची. मागे स्वयंपाकघर आणि गच्चीवर जाणारा जिना. छतासाठी खजुराचे ओंडके, त्यावर चटया, वर चिखलाचा थर. सोलापूर-मराठवाड्यात माळवदाच्या घरात उन्हाळा काढलेल्यांना याचा गारवा वेगळा सांगायला नको.

हा गारवा येतो जाड भिंतीमुळे. दिवसाची उष्णता भिंतीतून आत पोहोचायला कित्येक तास लागतात. तोवर रात्र होते, वाळवंट थंड पडतं आणि भिंतही निवते.

मग ही घरं गेली कुठे?

घर ढासळलं की तिथंच सपाट करून नवं बांधायचं, त्यामुळे गावं टेकाडांवर चढत गेली. पुढे शेतकऱ्यांनी या टेकाडांची माती ‘सेबाख’ या नावानं खत म्हणून खणून नेली. आपल्याकडे जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतात टाकतात, तसंच. घर पुन्हा शेतात गेलं, मागे राडारोडा उरला नाही.

आज हे जमेल का?

इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात लक्झरजवळ न्यू गुर्ना हे अख्खं गाव मातीच्या विटांनी बांधायला घेतलं. पण ज्यांच्यासाठी बांधलं, त्यातले बहुतेक तिथं राहायला गेलेच नाहीत. जुन्या वस्तीशी त्यांचं पोट जोडलेलं होतं आणि घुमट त्यांना कबरींची आठवण करून द्यायचे. पुढे जमिनीतल्या ओलीनं भिंतीही पोखरल्या. मातीला पाणी सोसत नाही, दर काही वर्षांनी लिंपण लागतं, गगनचुंबी टॉवर तर उभाच राहत नाही. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

तरीही ‘पक्कं’ आणि ‘कच्चं’ हे आपले शब्द एकदा तपासायला हवेत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी काँक्रीटचे ग्रेड पाठ केले, पण मे महिन्यात रात्री दोन वाजता त्या स्लॅबखालची खोली किती तापलेली असेल, हे कुणी विचारलं नाही. देर अल-मदीनाच्या गवंड्याला मात्र तो विचार करावाच लागायचा, कारण त्याच्याकडे पंखा नव्हता.

छताजवळचा झरोका, पश्चिमेला जाड भिंत, उष्णता रोखणारी गच्ची. यातल्या कशालाही मातीच लागते असं नाही. घर बांधताना किंवा फ्लॅट बघताना चौरस फुटांबरोबर एवढं जरूर विचारा: लाइट गेल्यावर इथं झोप लागेल का?